सुजाताताईचा नेम

आमच्या कारखान्यात फोन आत नेता येत नाही. सकाळी गेटवर जमा करायचा आणि पाळी संपली की परत घ्यायचा. त्या संध्याकाळी फोन हातात आला तेव्हा त्यावर दाजींचे सतरा मिस्ड कॉल होते. दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, सुजाताताईचे यजमान. एरवी वर्षातून दोनदा फोन केला तर खूप. मी गेटबाहेर येऊन उभ्या उभ्याच फोन लावला. "दिलीपभाऊ, सुजाता गेली ना..." एवढंच ते म्हणाले. दुपारी गृहभेटींना निघताना, चपला घालता घालता ती दारातच कोसळली होती. साकोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मागे फॅक्टरीची बस हॉर्न वाजवत होती, सोबतचे लोक चढत होते, आणि रडू यायच्याही आधी माझ्या डोक्यात एक वाक्य आलं... मला माहीत होतं. सहा आठवडे झाले, ते वाक्य मला एका जागी बसू देत नाही. म्हणून आज लिहायला घेतलं आहे.

ताई सानगडीजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होती. आजूबाजूच्या गावांत तिला नावानं कोणी ओळखत नसे, सगळ्यांची ती 'सिस्टर'. धानाच्या बांध्यांमधल्या कच्च्या रस्त्यानं तिची गाडी दिसली की रोवणीतल्या बाया कंबर सरळ करून हाक मारत. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देऊन ती निघून जात नसे. "गिळ माह्या समोर," म्हणून दारात उभी राहायची. जेवायचीसुद्धा उभ्यानं. आमचे वडील लवकर गेले, तेव्हा मला कॉलेजातून ओढून जवाहरनगरच्या या कारखान्याच्या भरती परीक्षेचा अर्ज तिनंच भरायला लावला. "फॉर्म भर आधी, रड नंतर," असं म्हणाली होती. मी आज जो काही आहे तो त्या अर्जामुळे.

तिची एकुलती मुलगी प्रज्ञा अकरावीत आहे. एनसीसीच्या शिबिरात एकदा रायफल हातात आली आणि त्या पोरीला दुसरं काही सुचेना. भंडाऱ्याला एका रेंजवर नवशिक्यांसाठी शनिवार-रविवार असं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि मुलांसोबत घरचं माणूस हवं अशी अट होती. दाजी तुमसरच्या राइस मिलमध्ये मिस्त्री, हंगामात त्यांना सुट्टी मिळेना. मग कधी नव्हे ती ताईनं रजा काढली, मुलीला घेऊन माझ्या क्वार्टरवर आली, आणि आम्ही तिघंही शिबिरात दाखल झालो.

रेंज म्हणजे टिनाच्या छताचा लांबट हॉल. एका टोकाला टेबलं, दहा मीटरवर कागदी निशाणं. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार होते, आवाज खणखणीत पण वागणं मायेचं. पहिल्याच तासाला ते म्हणाले, "पोराच्या हातात काय हाय, ते मायबापाले समजलं पायजे. सगळ्यांनी चालवायची." त्या दिवशी छर्ऱ्याची एअर रायफल टेबलावर टेकवूनच मारायची होती. माझे छर्रे कागदभर पांगले. ताईचे पाचही एका रुपयाखाली झाकले जातील इतके जवळ. हवालदारसाहेब भिंगातून बघतच राहिले. "इंजेक्शनचा हात हाय साहेब, हलत नाई," ताई म्हणाली, आणि प्रज्ञा खदखदून हसली, "आई, आता तूच खेळ, मी घरी जाते!" कित्येक वर्षांत मी ताईला इतकी खूश पाहिली नव्हती. संध्याकाळी माझ्या क्वार्टरचे तीन मजले चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबून दारांवरच्या पाट्या वाचत होती. कोण राहतं, कोणत्या गावचे, विचारत होती. मला वाटलं, चौकस स्वभाव आहे तिचा...

दुसऱ्या दिवशी उभं राहून नेम धरायचा होता. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, आणि मग सात-आठ सेकंद तो तसाच थांबवून बोट हळूच मागं घ्यायचं. प्रज्ञाला ते लगेच जमलं. ताईनं रायफल उचलली, गाल टेकवला. हात खरंच हलत नव्हता, पण नळी मात्र वरखाली होत होती. श्वास दोन सेकंद थांबे आणि पुन्हा उसळे. तिनं रायफल खाली घेतली, पुन्हा उचलली, पुन्हा तेच. कपाळावर घाम आला. हवालदारसाहेब बाजूला उभे राहून नळीकडे बघत होते. ते हळूच म्हणाले, "ताई, हे शिकवायचं काम नाई. तुमच्या छातीचं काहीतरी हाय. डॉक्टरले दाखवून घ्या." ताई हसली, रायफल त्यांच्या हातात दिली आणि तडक बाहेर गेली.

मी मागोमाग गेलो. नळाजवळच्या कडुलिंबाखाली ती खोडाला पाठ टेकवून उभी होती. विचारायच्या आधीच म्हणाली, "मले मालूम हाय. दोन महिने झाले. जिना चढली का दम भरते, रात्री पायावर सूज राहते. लहानपणी सांधे सुजायचे ना माहे, आठवते? त्यातूनच हृदयाची झडप खराब झाली असन."

"मंग दाखवलं काहून नाई?"

"दाखवीन ना गा. प्रज्ञाची नेमबाजीची निवड चाचणी हाय पुढच्या महिन्यात. आत्ता नागपूरले चकरा सुरू केल्या तर ते पोरगी रायफल ठेवून देईन अन् माह्या उशाशी बसन. तिले सांगू नको. दाजीलेबी नाई."

"ताई, हे बरोबर नाई."

"तुले माही शपथ हाय दिलीप."

तेवढ्यात आतून प्रज्ञानं हाक मारली. तिचा एक छर्रा बरोबर मधोमध बसला होता. ताईनं तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि टाळ्या वाजवत आत गेली. मी उभाच राहिलो.

शपथ मी पाळली. दर आठवड्याला फोन करून तेवढं विचारत होतो, "दाखवलं का?" "बुधवारी जाईन," ती म्हणायची. चाचणी झाली, प्रज्ञाची निवड झाली, ताईनं पेढ्यांचा डबा धाडला. मग लसीकरणाची मोहीम आली, मग साथीचा ताप. बुधवार पुढे सरकत राहिले, आणि हळूहळू मी विचारणंच सोडलं. खरं सांगायचं तर विचारलं की तिचा आवाज चिडका होई आणि मला ते नको असे. एक दिवस गाडी करून तिला उचलून नागपूरला नेता आलं असतं. तिनं मला कॉलेजातून नेलं होतं तसं. एवढी साधी गोष्ट.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, ताईला आदरांजली वाहून माणसं पांगल्यावर, मी प्रज्ञाला सगळं सांगितलं.

"तुमाले माहीत होतं?"

"तिनं शपथ घातली होती बेटा..."

"मामा, आई पेशंट होती. पेशंटचं कोणी ऐकते का?"

एवढं म्हणून ती आत निघून गेली. त्यानंतर महिनाभर तिनं माझा फोन उचलला नाही. रेंजवरही ती गेलेली नाही, असं दाजी म्हणाले.

गेल्या रविवारी राहवेना म्हणून मी न कळवताच सानगडीला ताईच्या घरी गेलो. दाजी बाजारात गेले होते. प्रज्ञानं दार उघडलं, मला बघून क्षणभर थबकली आणि "बसा" म्हणाली. बसलो, पुन्हा उठलो, खिडकीशी गेलो. खिडकीत ताईचा फोन चार्जिंगला लावलेला होता, सुरू. मी काही विचारायच्या आत तो वाजला. प्रज्ञानं उचलला आणि उभ्यानंच बोलू लागली, "नाई काकू, मी सिस्टरची पोरगी. आई नाई राहिली आता... हो. नवीन सिस्टरचा नंबर लिहून घ्या." तिनं नंबर दोनदा सांगितला. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाली, "रोज येतात असे फोन. बाबा म्हणतात, बंद कर. मी नाई करत."

मी म्हणालो, "प्रज्ञा, माझं चुकलं." तिनं मान हलवली. हो म्हणून की असू द्या म्हणून, मला कळलं नाही. आणि फोन पुन्हा वाजला. कोणाच्या तरी लेकराला ताप होता. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, नंबर दिला, आणि ठेवता ठेवता थांबली.

"लेकराचं झालं काकू. तुमाले किती दिवसाचा खोकला हाय? मले ऐकू येऊन राहिला ना... नाई, बुधवारी नाई. घरच्या कोणाले फोन द्या, मी बोलते त्यांच्यासंग. आजच जायचं."