मक्याच्या रंगाची कलेजी

आज शहाद्याच्या दुकानात कोंबडी साफ होताना पिवळी कलेजी निघाली आणि आमचं जुनं अंगण आठवलं. तेव्हा कोंबड्यांच्या साथीच्या बातम्या होत्या, आणि टायफॉइडमधून उठलेल्या वडिलांना बऱ्याच दिवसांनी काही खावंसं वाटलं होतं, तेही कलेजीच. आईने मक्यावर पोसलेली, अंड्यावरची धडधाकट कोंबडी कापली. कलेजी तपकिरी असायची ती मक्यासारखी पिवळी निघाली. "रोगीट शे, फेकी दे," आई म्हणाली. मी वाचलेलं सांगितलं, की अशा कोंबडीच्या कलेजीत चरबी साठते, म्हणून हा रंग. पांढरे ठिपके असते तर टाकली असती. कडेला पित्ताचा हिरवा डाग होता, तेवढा काढला. आईला पटेना. ओट्यावरून वडील म्हणाले, "अवं, रांधी टाक ती. मी मरनू ते कोंबडीले बोल लाव, वाचनू ते दुसरी काप." ते एकटेच जेवले, आई त्यांच्या तोंडाकडे बघत समोर बसली. सकाळी ओट्यावरून आरोळी आली, "जित्ता शे मी! काप दुसरी!" वडील या उन्हाळ्यात गेले, हृदयविकाराने. आज दुकानदार ती पिवळी कलेजी फेकत होता, मी मागून घेतली. आईने ती पाहिली, लगेच रांधली, आणि पहिला घास स्वतः घेतला.