रेसच्या गाडीपुढच्या शेंगा

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात आमच्या शेजाऱ्यांना आम्ही काका म्हणायचो. मूळचे अमेरिकन, पण हाक मारली की ओ द्यायचे. तरुणपणी, पन्नासच्या दशकात, ते जेमतेम दीड सीझन रेसिंग ड्रायव्हर होते. मातीच्या ट्रॅकवर एक शर्यत जिंकलेही. त्या काळी ड्रायव्हरांत समज होता, की गाडीजवळ भुईमुगाच्या शेंगा म्हणजे अपशकुन. काका हसायचे. एकदा मुद्दाम शेंगा खातच ट्रॅकवर गेले. त्याच शर्यतीत त्यांच्या जिवलग मित्राची गाडी उलटली आणि तो गेला. काकांनी हेल्मेट काढलं ते काढलंच. पुढे जन्मभर प्लंबिंग केलं.

सत्तरीनंतर त्यांनी तसलीच जुनी गाडी घेतली. दर शनिवारी गॅरेजमध्ये आम्ही दोघं ती दुरुस्त करायचो. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात चार फेऱ्या मारायच्या, एवढंच त्यांचं म्हणणं.

"तेव्हा घाबरून थांबलो," ते म्हणाले होते. "आता एकदा आपण होऊन थांबायचंय."

मेळाव्याच्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. डॅडचं हार्ट वीक आहे, तुमचं ऐकतात, कसंही करून थांबवा. मी हो म्हटलं. पण काकांना तोंडावर सांगायचं धैर्य मला कधीच नव्हतं.

इकडे आमचे सण वीकेंडला सरकतात. तसा दसरा नेमका मेळाव्याच्या शनिवारी आला. नागपूरहून आलेली आई आमच्या व्हॅनची पूजा करून काकांच्या गाडीकडे वळली. हळदकुंकू, झेंडू, चाकाखाली लिंबू. नैवेद्याला मी भाजलेल्या शेंगा आणून ठेवल्या होत्या. इथे हेच ठेवतात, असं तिला सांगितलं. होय, सगळं ठाऊक असताना.

काका हेल्मेट घेऊन आले आणि ताट पाहून जागीच थबकले. चेहरा उतरला.

"तुझ्या आईला ठाऊक आहे?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं. मला ठाऊक होतं का, हे त्यांनी विचारलं नाही.

आईला वाटलं, बिचारे संकोचतायत. तिने शेंग फोडून दाणे पुढे केले. "सांग त्यांना, प्रसाद आहे. नाही म्हणू नये. आणि गाडी तुझ्यापेक्षा बरी चालवतील ते."

दुभाष्या मीच. काहीही सांगता आलं असतं. पण काकांनी तोवर दोन्ही हात पुढे केले होते, आईने शिकवले होते तसे, उजवा वर. मी शब्द न् शब्द सांगितला. ते हसले, दाणे सावकाश चावून खाल्ले, आणि आम्ही गाडी ट्रेलरवर चढवली.

मैदानात मी कठड्याला घट्ट धरून उभा होतो. काकांनी तीन फेऱ्या मारल्या, दर फेरीला जरा जास्त वेगात. चौथी बाकी होती. त्यांनी माझ्याकडे बघून हसत हात वर केला, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.