चहाच्या सुट्टीतली सही

पोर्टलवर झोया प्रॅक्टिकलला गैरहजर होती, आणि तीच झोया माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, "मॅडम, मेरी फाइल वापस मिलेगी?"

मी स्क्रीन बंद केली. "कल आना," म्हणून तिला पिटाळलं.

मी जबलपूरच्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवत होते. बारावीच्या प्रॅक्टिकलचे मार्क आधी कागदावर लिहितात, मग बोर्डाच्या पोर्टलवर भरून लॉक करतात. एकदा लॉक केलं की किल्ली बोर्डाकडे. त्या वर्षी यादीतली मधलीच एक मुलगी आली नव्हती. भरताना मी तिची ओळ सोडायला विसरले. तिच्या खालच्या सगळ्यांचे मार्क एकेक ओळ वर सरकले. यादीत शेवटी असलेल्या झोयाची जागा रिकामी राहिली. एक मुलगी आली नव्हती एवढं आठवत होतं, म्हणून तिथे 'गैरहजर' टाकलं आणि लॉक केलं.

प्रॅक्टिकलला गैरहजर म्हणजे नापास. गोहलपूरहून दोन ऑटो बदलून येणारी, तीसपैकी अठ्ठावीस मिळवलेली पोर!

मला रिटायर व्हायला चौदा महिने होते. अशाच चुकीपायी ओळखीचे एक सर सस्पेंड झाले होते. मला त्यांचा चेहरा सोडून दुसरं काही दिसेना.

स्टाफरूममध्ये कुंदा वह्या तपासत होती. कुंदा गणिताची, बावीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर. तोंडाची फटकळ. माझ्या साडीपासून शिकवण्यापर्यंत कशालाच तिने उगाच बरं म्हटलं नव्हतं. पण पोर्टलवर भरलेल्या मार्कांच्या प्रिंटवर 'तपासले' म्हणून सही तिचीच होती. लॉक करण्याआधी चहाच्या सुट्टीत मी तो कागद पुढे सरकवला आणि तिने न बघता सही ठोकली. खरं सांगते, मला वाटलं, निदान स्वतःसाठी तरी ती गप्प बसेल.

मी सगळं सांगितलं आणि हळूच म्हटलं, "रिझल्ट लागल्यावर सर्व्हरची चूक म्हणता येईल."

"अन् त्या पोरीचं काय? काहून एवढी भिऊन राहिली? चल, आत्ताच सरांकडे जाऊ."

"अगं, तुझीही सही आहे."

"माहीत आहे नं. आंधळी नाही मी. त्या दिवशी होती."

प्रिन्सिपल सर भला माणूस. त्यांनी कागद पाहिला, घाम पुसला. "टेक्निकल एरर लिख देते हैं," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

"नहीं सर," कुंदा म्हणाली. "फिर बोर्ड कंप्यूटरवालों से पूछता रहेगा और तब तक रिझल्ट निकल जाएगा. गलती इनकी है, अंदाज़ से भर दिया. और मैंने बिना देखे साइन किया. दोनों लिखकर देते हैं."

मला तिचा असा राग आला! माझ्याकडे बोट दाखवून 'इनकी' म्हणते! पण अर्ज लिहिला. खाली दोघींनी सह्या केल्या.

पुढचे अकरा दिवस फोन वाजला की मला तो बोर्डाचाच वाटायचा. डबा तसाच घरी परत जायचा. मी कुंदाशी बोलणं टाकलं होतं. ती मात्र रोज आपली भाजी माझ्या डब्याच्या झाकणात वाढायची. "खा. भिऊन काय होते?" एकदा शिपाई दारातून "कुंदा मॅडम!" म्हणून ओरडला आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. तेव्हा कळलं, तीही तितकीच घाबरलेली होती. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले.

बाराव्या दिवशी दुरुस्ती झाली. आम्हा दोघींना नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, ताकीद मिळाली. झोया पास झाली. तिला यातलं काही कधी कळलं नाही.

कागदावर दोन सह्यांची जागा उगाच नसते, हे मला नोकरीच्या शेवटी शिकायला मिळालं. आता दोघीही रिटायर आहोत. परवा महाराजपूरला तिच्या घरी गेले होते. माझ्या एका फॉर्मवर साक्षीदार म्हणून तिची सही हवी होती. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसली.

"अगं, साधा फॉर्म आहे."

"थांब नं."

तिसऱ्या पानावर मी माझीच जन्मतारीख चुकीची लिहिली होती. कुंदाने सही केली नाही. पेन माझ्या हातात दिलं आणि चहा टाकायला आत गेली.