डॉक्टरांचं गाऱ्हाणं

कुडाळला डॉ. दत्तप्रसाद तेरसे यांच्या दवाखान्यात गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर गाऱ्हाणंही मिळे. डॉक्टर मनोविकारांचे, पण चक्रं, नाद, साक्षीभाव यांचं भारी वेड. पेशंटला डोळे मिटून श्वास मोजायला लावत आणि शेवटी देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकाराच्या थाटात स्वतःच देवाला साकडं घालत. प्रत्येक वाक्याला नातेवाइकांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लोक खूश, डॉक्टर त्याहून खूश. मुंबईच्या भल्याभल्यांना जमलं नाही ते आपण केलं, असं चारचौघांत सांगत.

२००४ साली आरोंद्याचा बाळा बायकोला, शेवंतीला, घेऊन आला. खाडीत मासे मारणारा साधा माणूस. शेवंतीच्या कानात कुणीतरी सारखं बोलत असे. दोन महिन्यांच्या गोळ्यांनी ते थांबलं, ती पुन्हा बाजारात मासळी घेऊन बसू लागली. मग डॉक्टरांनी हौसेने नारळ ठेवून मोठं गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या डोक्यावरचा ओझा आजपासून तुझ्यावर."

देवावर सोपवलेलं माणसाने पुन्हा हातात घ्यायचं नसतं. बाळाने गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या खेपेला तसं सांगितलंही. "आता गोळये कित्याक? देवान आयकल्यान मा." बंद करू नकोस, एवढंच डॉक्टरांनी म्हणायचं होतं. पण बाळा त्यांच्यापुढे हात जोडून उभा होता आणि ते त्यांना फार गोड वाटलं. ते नुसते हसले.

महिन्याभरात आवाज परतले. एका दुपारी शेवंती भरतीच्या पाण्यात उतरली ती जिवंत परत आली नाही.

तेराव्यानंतर बाळा नारळ घेऊन आला. डॉक्टरांना अन्न गोड लागत नव्हतं. याने शिव्या घालाव्यात, असंच त्यांना वाटत होतं.

"डॉक्टरानू, आमच्या हातसून कायतरी चुकला," बाळा म्हणाला. "गाऱ्हाणा घाला. चूक खंय झाली ती कळांदे."

डॉक्टरांनी नारळ टेबलावर ठेवला. त्यांची मान वर होईना.

"बा देवा म्हाराजा, शेवंतीचे गोळये बंद झाले, ता माका म्हायत होता."

"व्हय म्हाराजा," डोळे मिटलेला बाळा सवयीने म्हणाला.

"म्हायत असान मी गप रवलंय. चूक देवाची नाय, बाळाची नाय. चूक माझी."

बाळाने डोळे उघडले. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला. मग नारळ उचलून तो बाहेर पडला.