कट्ट्यावरच्या दुधाची बातमी

बारावीच्या वर्गात मी अर्थशास्त्र पेपरातून शिकवते. म्हणजे वर्तमानपत्रातून. पुस्तक आहेच, पण पुस्तकातल्या चहा-कॉफीच्या उदाहरणांवर पोरं डुलक्या घेतात हे मी वीस वर्षं बघतेय. म्हणून सकाळी चहाबरोबर अख्खा पेपर वाचायचा, एक बातमी कात्रीनं कापायची, फळ्याशेजारी लावायची आणि हजेरीच्या क्रमानं ज्याचा नंबर असेल त्यानं ती उभं राहून वाचायची, असा माझा शिरस्ता. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या कॉलेजातल्या कुणी मॅडम "तुमचं ते बातम्यांचं बघायला येऊ का" म्हणाल्या की मी "या की" म्हणायचे आणि पुढचे दोन दिवस हवेत असायचे.

गेल्या वर्षी एक बातमी आली. दूधकट्ट्यावर एका म्हैसवाल्याजवळ औषधाची बाटली सापडली. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून तो इंजेक्शन टोचतो असा संशय, बाटली तपासायला पाठवली. नाव छापलेलं नव्हतं. कोल्हापूरकराला कट्टा सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला आणून बांधतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास तसाच हातात देतात. पूर्ण स्पर्धेच्या धड्यात 'ग्राहकाला बाजाराचं परिपूर्ण ज्ञान असतं' असं एक वाक्य आहे. ते आलं की मी नेहमी हाच कट्टा सांगायचे. म्हैस दिसते, कास दिसते, धार दिसते, आणखी काय पाहिजे? आणि आता ही बातमी. धार दिसली तरी इंजेक्शन कुठं दिसतं? मला तर लॉटरीच लागली. कुणाच्या तरी पोटावर आलेली बातमी वाचून मी खूश झाले होते, हे लिहितानाही कान तापतात.

वाचायचा नंबर होता दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा. कमी बोलणारी, आकृत्या पट्टीनं नीट काढणारी पोरगी. ती उठली, दोन ओळी वाचल्या आणि थांबली. मी म्हटलं, "अगं, मोठ्यानं वाच. घशात साय अडकली काय?" एरवी माझ्या असल्या बोलण्यावर वर्ग फिदीफिदी हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मला वाटलं, विषयच गंभीर आहे. तिनं शेवटपर्यंत वाचलं.

"आज संध्याकाळी कट्ट्यावर कोण कोण जाणार? हात वर करा." एकही हात वर नाही. मग मी तिलाच फळ्याकडं बोलावलं. किंमत तीच, तरी मागणी घटली, याला काय म्हणतात? "मागणीतील ऱ्हास," ती म्हणाली. काढ बघू आकृती. तिनं मागणीचा वक्र काढला, डावीकडं सरकलेला दुसरा काढला, मधे बाण दाखवला. मी "शाब्बास" म्हणाले. वर्ग चिडीचूप होता. ती शांतता मला माझ्या शिकवण्याची पावती वाटली. घरी गेल्यावर नवऱ्यालाही बजावलं, फिरून येताना कट्ट्यावर थांबू नका.

दहा-बारा दिवसांनी आतल्या पानावर चार ओळी आल्या. बाटलीत नुसतं कॅल्शियम होतं. नुकत्याच व्यालेल्या म्हशीसाठी जनावरांच्या डॉक्टरांनीच लिहून दिलेलं. मी ते वाचलं. दोनदा वाचलं. आणि ठरवलं, धडा होऊन गेलाय, चाचणी तोंडावर आहे, आता मागं कशाला जायचं? खरं कारण वेगळंच होतं. साठ पोरांसमोर 'मी चुकले' म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. त्या दिवशी मी कांद्याच्या निर्यातीची बातमी कापून नेली.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी यायची बंद झाली. बारावीचं वर्ष, परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस. मी हजेरीत गैरहजेरी मांडत राहिले. आठवड्यानं स्टाफरूमच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. चपला त्यानं बाहेर काढल्या होत्या.

"म्याडम, मी तिचा बाप. कट्ट्यावर म्हशी असत्यात माझ्या."

तेव्हा मला कळलं. वर्गाला पहिल्यापासून ठाऊक होतं, एकट्या मलाच नव्हतं. त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं कात्रण काढलं. त्याच चार ओळी.

"तुमच्या पोरांच्या घरची लई गिऱ्हाईकं हुती. त्या दिवसापास्नं एक बी फिरकत न्हाई. आता डेरीला घालतोय दूध. त्येचं काय न्हाई, चालतंय. पण पोरगी कॉलेजला जाईना झालीया. तेवढं हे बी वाचा की वर्गात एकदा. नाव नगं आमचं."

मी कात्रण हातात घेतलं. तोच पुढं म्हणाला, "पोरगी म्हणत्या, म्याडम अख्खा पेपर वाचत्यात, त्यास्नी ठाव असणार. मी म्हटलं, खुळी हाईस काय? दिसली असती तर वाचली नसती व्हय?"

"नाही हो, दिसलीच नाही मला," मी म्हणाले. इतकं पटकन तोंडातून गेलं की माझी मीच चपापले.

"बघा, मी म्हणत हुतो न्हवं?" तो हसला आणि त्यानं मला हात जोडले. आयुष्यात मला इतकी लाज कशाची वाटली नसेल. तरीही मी शब्द मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. बातमी मी स्वतः वाचली. आधी वर्गाला सांगितलं, "ही माझ्या नजरेतून सुटली होती." बापाशी एकदा बोललेलं खोटं आता साठ जणांशी बोलले. मग पुन्हा विचारलं, कट्ट्यावर कोण जाणार? दहा-बारा हात वर आले, त्यातलेही काही माझं तोंड बघून. ती वहीतच बघत होती.

तास सुटल्यावर ती टेबलाशी आली. हातात स्टीलची किटली.

"पप्पांनी दूध दिलंय. तापवून घ्या." मग आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, तुम्ही कांद्याची बातमी लावलेली न्हवं, तिच्या कडेला आमच्या बातमीचा अर्धा मथळा कापून आलता. मी रोज फळ्याजवळ जाऊन वाचतो. पप्पांना सांगितलं न्हाई मी. त्यांना तुमचं लई कौतुक हाय."

तेव्हा तरी माफी मागायची. मी, वीस वर्षांची मास्तरीण, किटली हातात घेतली आणि तिला विचारलं, किटली उद्या परत दिली तर चालेल ना?