सवतीचं नाव कोफिलिन

दुसऱ्या बायकांच्या सवती निदान दिसतात तरी. गोरी आहे का काळी, चालते कशी, बोलते कशी, सगळं कळतं. चार शिव्या हासडायला समोर तोंड असतं. माझी सवत डोळ्यांना दिसतच नाही. ती एक प्रथिन आहे, कोफिलिन नावाचं, आणि माझा नवरा तिच्या नादी लागलेला आहे.

हे कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात आणि इथंच धाराशिवात एका प्रयोगशाळेत डॉक्टरेटचं काम करतात. घरात आम्ही तिघं. हे, मी आणि सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते. चौथी ती. जेवायला बसलं की तिचा विषय निघणार म्हणजे निघणार. "आण की एकदा घरी तिला, ओटी भरते," असं आत्या म्हणतात. हे हसतात. मला नाही हसू येत.

ती काय करते ते मला चांगलं ठाऊक आहे. वैरिणीची खबर ठेवावी लागते. आपल्या अंगातली पेशी हलते ती ॲक्टिन नावाच्या बारीक धाग्यांच्या जोरावर. तेच पेशीचा सांगाडा आणि तेच तिचे पाय. पुढच्या बाजूला नवे धागे वाढत गेले की पेशी पुढं सरकते. पण त्याला माल कुठून आणायचा? इथं बाईसाहेब येतात. जुने झालेले धागे तोडायचे, तुकडे मोकळे करायचे, म्हणजे तेच पुढं कामाला येतात.

ह्यांनी हे मला भूमकडच्या आमच्या रानावरून समजावलं होतं. तिथं उन्हाळ्यात खतासाठी मेंढ्या बसवतात. धनगराचं कुंपणाचं जाळं एकच, खुंट्याही मोजक्याच. आज या पट्ट्यात मेंढ्यांचा वाडा, उद्या पुढच्या. "मागच्या खुंट्या उपटल्याशिवाय पुढं काय ठोकणार?" हे म्हणाले. "कोफिलिन खुंट्या उपटते. ती नसली की कळप बसला तिथंच." सांगताना चेहरा असा काही फुलला होता! मला बघायला आले होते तेव्हा तो चेहरा मी पाहिला होता. त्यानंतर थेट आता, आणि तोही तिच्यासाठी.

जळते मी. सरळ सांगते, जळते. एका संक्रांतीला मी माहेरची इरकल नेसून ह्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. ह्यांनी मान वर केली, माझ्याकडं टक लावून बघितलं आणि म्हणाले, "आज चालल्या गं!" कोण? तर पेशी. अंगाचा असा तिळपापड झाला की होता नव्हता तेवढा तिळगूळ मी शेजारीपाजारी वाटून आले, घरात एक वडी ठेवली नाही. मला काय मोठं मागायचं होतं? एकदा, फक्त एकदा, त्या पेशींच्या ताटलीकडं बघतात तसं माझ्याकडं बघावं.

मागल्या नागपंचमीला मात्र ह्यांनी कबूल केलं होतं. माहेरी मुरुमला दोघांनी जायचं, माझ्याबरोबर हेही राहणार. दारच्या लिंबाला भावानं झोका बांधलेला. माझी पिशवी भरलेली, हातात हिरव्या बांगड्या. आणि सकाळी हे म्हणतात, "अगं, ताटल्या आजच तयार झाल्यात. आज चरा ओढावाच लागंल."

चरा म्हणजे असं. काचेच्या ताटलीत पेशींचा सलग थर वाढवायचा, त्यावर एक रेघ ओरखडायची आणि दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत येऊन ती फट कशी बुजवतात, त्याचे थोड्या थोड्या वेळानं फोटो काढायचे. काही ताटल्यांत कोफिलिन काढून टाकलेलं असतं. तिथं जुने धागे साठून राहतात आणि काठ हलता हलत नाही. बघा, नसली तरी तिचंच कौतुक.

"तिच्यापायी माझी पंचमी घालवता व्हय?" मी म्हटलं.

"तिच्यापायी काय, प्रयोग आहे तो," म्हणाले आणि गाडीला किक मारली.

भावाचा फोन आला, "ताई, निघालात का?" मी म्हटलं, "न्हाय येत. तुझ्या दाजींना चरा ओढायचाय." त्याला काय कळणार! फोन ठेवला आणि माझं डोकं फिरलं.

पंचमीला आमच्यात काही चिरत नाहीत, तव्यावर भाजत नाहीत, तळत नाहीत. नागोबाला लागतं म्हणतात. आत्या चुलीपाशी पुरणाची दिंडं उकडत होत्या. मी विळी पुढं ओढली आणि भोपळा चिरायला घेतला. भाजी कुणाला नको होती.

"अगं, अगं! पंचमीला चिरतंय का कुणी? येडी झालीस का?" आत्या ओरडल्या.

"मग तुमच्या लेकाचं चालतं का? सकाळधरनं चरे ओढतोय तिकडं!"

हे मी मान वळवून आत्यांना सुनावलं. हात विळीवरच होता. अय्यो! अंगठ्याच्या बुडाशी तळहात चांगला फाकला. आत्यांनी मूठभर हळद दाबली आणि "नागोबा, लेकरू चुकलं" म्हणून माझ्या वतीनं माफी मागितली. मी काही मागितली नाही.

संध्याकाळी हे आले, हात बघितला आणि पिशवी दारातच टाकली. डॉक्टरकडं नेलं. टाके लागले नाहीत. जखम धुऊन पट्टी बांधून दिली, रोज बदला म्हणाले. ती पट्टी हे स्वतः बदलू लागले. सकाळी एकदा, कॉलेजातून आल्यावर एकदा. माझा हात मांडीवर घ्यायचे, ट्यूबलाइटखाली धरायचे, श्वास रोखून बघत बसायचे. दुखतंय का, ताणतंय का, असं विचारायचे. आत्या मला डोळ्यांनी खुणावायच्या. मी वेणी घालून, पावडर लावून बसू लागले. वाटलं, नागोबा पावला बाई.

एके दिवशी ह्यांनी मोबाईल काढून तळहाताचा फोटो घेतला. मग आदल्या दिवशी घेतलेला फोटो उघडून हाताशेजारी धरला. "बघ, काठ कसे सरकलेत," म्हणाले. तोच चेहरा. फुललेला.

"कुणाला बघताय तुम्ही?" मी विचारलं.

"अगं, तुझ्या हातातसुद्धा तीच आहे. तिच्याशिवाय ही कातडी पुढं सरकली असती का?"

हात हिसकावून घ्यावा, भोपळा डोक्यात घालावा, असं वाटलं. सवतीनं नवरा घेतला होताच, आता माझ्या कातडीतही संसार थाटला! पण हात काही मी मागं घेतला नाही. त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर होता. इतक्या जवळ त्यांचं डोकं कधी येतं माझ्या?

रात्री मी पट्टीकडं बघून त्या रांडेची विनवणी केली. म्हटलं, सावकाश गं बाई. एवढी घाई कशाला? एखादी खुंटी राहू दे की मागं.

तिनं ऐकलं नाही. तिचं काम ती चोख करते. काठाला काठ भिडला, खपली पडली, खाली कोवळी गुलाबी रेघ उरली. ह्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, "भरली. झ्याक भरली," म्हणाले आणि माझा हात माझ्या मांडीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं हात पुढं केला तर म्हणाले, "आता काय बघायचंय त्यात?"

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशीच आत्यांनी विळी उचलून कपाटावर ठेवली, मागं, ट्रंकेच्या आड. मी म्हटलं, "कशाला आत्या?"

"तुझा काय भरवसा न्हाय बाई," त्या म्हणाल्या.

कपाटाला माझा हात पोचतो.