बगळीचा गुडघा

तळ्यात उभी असली की ती बाई खरोखरच बगळ्यासारखी दिसायची. लांब काटक पाय, किंचित पुढे झुकलेली मान, आणि हालचाल इतकी कमी की पाणकोंबड्या तिला वळसाही न घालता पोहत जायच्या. म्हणून सगळे तिला बगळी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ती ओ देत असे. नाव ठेवायचंच होतं तर निदान उडणाऱ्या पाखराचं ठेवलं, एवढंच तिचं म्हणणं.

बगळी पाणकणीस कापायची. तळ्याच्या कडेने डोक्याच्या वर वाढणारी ती हिरवी पात कापायची, उतारावर वाळवायची, मग पुन्हा जराशी ओली करून तिच्या चटया विणायच्या. चाळीस वर्षं हेच. तिच्या घरात शिरलं की आधी भिजलेल्या पातीचा वास यायचा. मग डोळे सरावले की दिसायच्या भिंतीला टेकवलेल्या पेंढ्या, खिळ्याला अडकवलेले दोन विळे आणि खोलीच्या मधोमध अर्धी विणलेली चटई. जेवायला बसायचं तर ती गुंडाळावी लागे.

"आई, या घरात आधी चटई राहते, मग आपण," सून म्हणायची.

"मग? पोसते कोण?" बगळी म्हणायची.

कापणीचे नियम दोनच होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. पहिला, पाणकोंबडीची पिल्लं पोहायला लागेपर्यंत विळा खिळ्यावरच. त्यानंतरही एखादं घरटं भरलेलं दिसलं, तर त्याच्या भोवतीच्या चार पातींची एकमेकींत गाठ मारायची. गाठ दिसली की मागून येणारी बाई काही न विचारता लांबून जायची. दुसरा नियम, कापायचं ते गुडघ्याला. गुडघ्याला म्हणजे बगळीच्या गुडघ्याला. ती उभी राहिली की पाणी तिच्या अर्ध्या पोटरीपर्यंत यायचं, आणि कापलेले खुंट पाण्याच्या वर चांगले वीतभर उरायचे. "देठ आतून पोकळ असतो," ती नव्या मुलींना सांगे. "नाक बुडालं की माणसाचं काय होतं? तेच त्याचं होतं." बुटक्या बायका मांडीला कापत आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पाणी वाढलं तर बगळी स्वतःही गुडघा सोडून वर सरकायची. यावर कुणी बोट ठेवलं तर म्हणायची, "गुडघा माझा आहे. तो कुठे धरायचा ते मी ठरवणार."

मग तळ्यावर प्रकल्प आला. आधी पाटी आली, मग जीप, मग साहेब.

साहेब तरुण होता, मनाने वाईट नव्हता आणि दर तिसऱ्या वाक्यात मूल्यसाखळी म्हणायचा. आठवड्याच्या आत त्याचं नाव साखळीसाहेब पडलं. गावच्या सभागृहाच्या भिंतीवर त्याने एक भला मोठा कागद चिकटवला. त्यावर गोल होते आणि गोलांना जोडणारे बाण. संकलन, दर्जा, ब्रँड, जाणकार ग्राहक. अगदी खाली, डाळीएवढ्या गोलात, 'उत्पादक' असं लिहिलं होतं. वरच्या गोलांना जागा लागते.

बगळीने कागद नीट पाहिला. "यात पाणकोंबडी कुठे आहे?"

"ती सगळीकडे आहे, मावशी. ती आपल्या मालाचं मूल्य आहे. पक्ष्यांना न दुखावता केलेली चटई, असं म्हटलं की शहरातला माणूस थांबतो."

"तिला सांगितलंत का हे?"

बायका हसल्या. साहेबही हसला, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सहा दिवस तो बगळीकडून शिकला. ती पाण्यात, तो बांधावर. त्याचे बूट नवे होते. तिने गाठ दाखवली, विळा कसा तिरका धरायचा ते दाखवलं. पाचव्या दिवशी त्याने विचारलं, "कापायचं किती उंचीवर?"

"गुडघ्याला."

"गुडघा म्हणजे किती?"

बगळी विचारात पडली. चाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबाने खिशातून फीत काढली, तिला बांधाच्या कडेला बोलावलं, ओणवं होऊन फितीचं टोक पाण्याला टेकवलं आणि गुडघ्यापर्यंत ताणलं. पंचवीस. वहीत गेलं. पाण्याखालचं पाऊल आणि अर्धी पोटरी त्याला दिसली नाही, आणि जे दिसत नाही ते वहीत उतरत नाही. कचेरीत बसून कापणीच्या नियमांचं पुस्तक लिहिताना त्याने वाक्य पुरं केलं, 'मुळापासून पंचवीस सेंटीमीटर.' मोजमापाला कुठून तरी सुरुवात हवीच.

पुस्तक सुरेख निघालं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर पाण्यात उभे दोन लांब पाय. पायांच्या वरची बाई कापलेली होती. प्रत्येक चटईला बांधायची एक चिठ्ठीही छापून आली. तिच्यावर लिहिलं होतं की पूर्वी इथल्या स्त्रिया पाणकणीस बेसुमार कापत, आता त्या निसर्गाच्या सख्या झाल्या आहेत. सुनेने ती चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवली.

"बेसुमार म्हणजे?" बगळीने विचारलं.

"म्हणजे तुम्ही, आई."

पुस्तकामागोमाग परीक्षा आली. वीस प्रश्न, तोंडी, बारा बरोबर हवेत. पास होईल तिला हिरवं कार्ड, आणि ज्याच्या गळ्यात कार्ड नाही त्याने तळ्यात पाय घालायचा नाही. राखणदाराला तशी ताकीद होती. परीक्षक शहरातून आला होता. त्याच्यासमोर टेबलावर पुस्तक होतं, आणि पुस्तकावर बगळीचे पाय.

"कापणीची योग्य उंची?"

"पाणी किती आहे?"

"ते प्रश्नात दिलेलं नाही."

"मग कापणी चाललीय कुठे, अंगणात?"

शून्य.

"घरटं आढळल्यास काय कराल?"

"गाठ मारीन."

पुस्तकात होतं, लाल फीत बांधून अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. "कळवीन की," बगळी म्हणाली, "पण उत्तर येईतो पिल्लू आजोबा होईल."

शून्य.

"मूल्यसाखळीत एकूण टप्पे किती?"

"मला एकच माहीत आहे. मी."

परीक्षकाला हे आवडलं. त्याने मान डोलावली आणि शून्य दिलं.

बगळीला अकरा मिळाले. सुनेला अठरा.

"मी नुसतं पाठ केलं, आई," सून रात्रीची भांडी घासताना म्हणाली. तिला वाईट वाटत होतं आणि आनंदही लपत नव्हता. "तुम्ही कशाला डोकं चालवलंत?"

"डोकं कुठे, पाय चालवले होते. पुस्तकावर बघ."

कापणी सुरू झाली तेव्हा बगळी बांधावर बसून राहिली. तीन दिवस. विळा मांडीवर, कोरडा. राखणदार दुरूनच मान वळवून जायचा. त्याचं लहानपण तिच्या चटयांवर गेलं होतं. पाण्याच्या इतक्या जवळ कोरड्या पायांनी बसायचं कसं ते तिला ठाऊक नव्हतं. पाय सारखे पुढे सरकत.

चौथ्या दिवशी साहेब आला. "मावशी, तुमच्यासाठी मार्ग काढलाय. तुलनेसाठी आम्हाला एक तुकडा जुन्या पद्धतीने कापलेला हवाय. पंपघरामागचा. म्हणजे नव्या पद्धतीचा फायदा उठून दिसेल."

"म्हणजे मी वाईट उदाहरण."

"छे, तसं नाही. संदर्भ."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी तो तुकडाही कार्डवाल्यांचा. तोवर तुम्ही परीक्षा पास व्हा ना."

पंपघरामागे पाटी लागली, 'पारंपरिक (अशास्त्रीय) कापणी'. बाकीच्या तळ्यावर पाटी होती 'शास्त्रीय व शाश्वत कापणी'. बगळी आपल्या पाटीखाली पाण्यात उतरली आणि पोटऱ्यांना गारवा लागला तेव्हा कुठे तिला नीट श्वास आला.

पलीकडे बायका पंचवीसची खूण केलेल्या काठ्या मुळाशी रोवून कापत होत्या. कडेला खूण पाण्याबरोबर यायची, आत गेलं की पाण्याखाली. चाचपून कापावं लागे. पण पात जास्त लांब निघत होती, चटई रुंद होत होती, दर्जाच्या गोलात सगळे खूश होते.

"अगं, खुंट बुडताहेत," बगळी तिकडून म्हणाली.

"आई, लोक बघताहेत," सून दबक्या आवाजात म्हणाली.

"बघू देत. फुकट आहे."

पुढचे काही महिने तळं नेहमीसारखंच दिसलं. कोंब फुटायचे दिवस आले तेव्हा बगळीच्या तुकड्यात टोकदार हिरव्या सुया वर आल्या, रोज बोटभर वाढल्या. बाकी तळं गप्प राहिलं. पाणी काळं, त्यावर सकाळचं आभाळ स्वच्छ पडायचं, कारण मध्ये यायला एक पातही नव्हती. दिसायला ते सुंदर होतं. साहेबाने फोटोही काढला. पाणकोंबड्या मात्र एकेक करत पंपघरामागे राहायला गेल्या. अशास्त्रीय पाटीवर त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ आले.

एका दुपारी सून ओल्या पायांनी घरात आली. तिने एक खुंट उपटून आणला होता. तो बोटांत चुरगळत होता आणि त्याला नासक्या पाण्याचा वास येत होता. तो तिने सासूच्या चटईवर ठेवला.

"हे नाक बुडण्याचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगितलं होतं. लग्न होऊन आलीस त्या वर्षी." बगळीने पातीची गाठ ओढून घट्ट केली. "तेव्हा त्याला मार्क नव्हते."

मग पाहुणी यायची ठरली. प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेची मोठी बाई. त्या सकाळी बगळी चहाचा पेला घेऊन बांधावर आली, तर साखळीसाहेब पाण्यात. बूट चिखलाने माखलेले, काखेत पाटी. दोन्ही पाट्यांची त्याने अदलाबदल चालवली होती. पंपघरामागचं हिरवं आता शास्त्रीय होतं.

"साहेब, आज पाय ओले केलेत," बगळी म्हणाली.

तो दचकला. "मावशी, आजच्या दिवसापुरतं. प्रकल्प बंद पडला तर पाचशे चटयांची मागणी जाईल. नुकसान तुमच्याच बायकांचं." हे खरं होतं, हीच तर पंचाईत. "तुमचं कार्ड मी उद्या करून देतो. परीक्षेशिवाय."

बगळीने चहाचा घोट घेतला. कार्ड तिला हवं होतं. त्या तीन कोरड्या दिवसांनंतर तर फारच हवं होतं. "आणि पुढच्या कापणीला काठीवर खूण कुठे?"

"पुस्तकात आहे तिथेच. पुस्तक छापून झालंय, मावशी."

पाहुणी दुपारी आली. मोकळी बाई होती. हिरवा तुकडा पाहून तिचा चेहरा उजळला. तिने पाटी वाचली, पाणकोंबड्या मोजल्या आणि सरळ बगळीलाच विचारलं, "तुम्ही किती उंचीवर कापता?"

साहेबाने बगळीकडे पाहिलं. सुनेने पाहिलं. बांधावरच्या सगळ्या हिरव्या कार्डांनी पाहिलं. पंचवीस म्हटलं की काम भागत होतं.

"सांगून कळत नाही, मॅडम," बगळी म्हणाली. "उतरा. दाखवते."

पाहुणीने चपला काढल्या आणि कपडे वर खोचले. बगळीने साहेबापुढे हात केला. त्याने फीत दिली, द्यावीच लागली. तिने फितीचं टोक पाहुणीच्या बोटांत धरवून ते पाण्याखाली थेट मुळाला टेकवलं, आणि गेल्या कापणीच्या जुन्या खुंटाच्या टोकापर्यंत फीत ओढली.

"पन्नास," पाहुणी म्हणाली. मग थांबली. "पुस्तकात पंचवीस आहे."

"पुस्तक बांधावर उभं राहून लिहिलंय," बगळी म्हणाली. "खोटं नाही ते. अर्धं आहे."

पाहुणीने काळ्या पाण्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. तेव्हा सुनेने गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं आणि एका दमात सांगून टाकलं, "आणि ही पाटी सकाळपर्यंत तिकडे होती."

प्रकल्प बंद पडला नाही. प्रकल्प असल्या गोष्टींनी बंद पडत नाहीत. महिन्याभरात नवी आवृत्ती निघाली. प्रस्तावनेत होतं की लोकसहभागातून झालेल्या सखोल संशोधनाअंती कापणीची उंची मुळापासून पन्नास सेंटीमीटर निश्चित करण्यात आली आहे. शहरात मागणी होतीच. चटया वर्षभर उशिरा मिळतील असं कळवताना साहेबाने 'निसर्गाच्या गतीने' असा शब्दप्रयोग केला आणि मागणी वाढली. सून प्रशिक्षक झाली. परीक्षाही आता तीच घ्यायची.

टेबल तेच, पुस्तक नवं, पाय जुनेच. बगळी समोर बसली.

"कापणीची योग्य उंची?" सुनेने विचारलं. आवाज परीक्षकाचा काढला होता.

"पाणी किती आहे?"

सुनेने पुस्तकात पाहिलं. पन्नास, ठळक अक्षरात. बाजूच्या खुर्चीवर साखळीसाहेब होता. तोही पुस्तकात पाहत होता, आणि मग खिडकीबाहेर पाहायला लागला. सुनेने कागदावर बरोबरची खूण केली.

"पुढचा प्रश्न. घरटं दिसलं तर?"

"गाठ."

बरोबर.

बगळीला वीसपैकी एकोणीस मिळाले. साखळीचे टप्पे ती यंदाही एकच म्हणाली, आणि तिथे सुनेचाही इलाज चालला नाही. कार्ड करायला साहेबाने संगणक उघडला. प्रकल्पाकडे बगळीचे त्रेचाळीस फोटो होते. त्याने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले, मग पुन्हा पहिल्यापासून.

"मावशी," तो शेवटी म्हणाला, "जरा खिडकीपाशी उभ्या राहता? चेहऱ्याचा लागतो."